नांव कोणाचें, कृति कोणाची?

लोह्याकडील पोथ्यांची सूची करितांना वारंवार प्रत्ययास येतें कीं, वेष्टनावरील नांव पुष्कळदां परहस्तें पडलेलें असतें. याचा अर्वाचीन दाखला अमेरिकेंतील आहे. चार्ल्स शुल्झ यांची व्यंगचित्रें १९४७ पासून सेंट पॉल येथील वृत्तपत्रांत ‘लिल फोक्स’, म्हणजे ‘चिमुकली मंडळी’, या नांवानें येत असत. तत्सदृश नांवें पूर्वींच रूढ असल्यामुळें वितरक संस्थेनें मालिकेस ‘पीनट्स’, म्हणजे भुईमुगाचे दाणे, हें नांव दिलें. दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमांत बालप्रेक्षकांच्या आसनांस ‘पीनट गॅलरी’ म्हणत, त्यावरून तें सुचलें. २ ऑक्टोबर १९५० रोजीं मालिका सात वृत्तपत्रांत प्रकटली. शुल्झ यांस तें नांव आमरण रुचलें नाहीं. तथापि तेंच रूढ झालें. म्हणून सूचीकारांनीं वेष्टनावरील व पुष्पिकेंतील नांवें निरनिराळीं नोंदावीं. रूढि हें कर्त्याच्या संमतीचें प्रमाण नव्हे.