दोन चमचे, तेवढंच पाणी

गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या मित्रांबरोबर पुण्यातल्या एका लहान ब्रुअरीत गेलो होतो. तिथे एक प्रयोग चालू होता: हॉप्स अजिबात न घालता केलेली एल. हॉप्सच्या जागी गवती चहा, ओवा, सुंठ आणि पिंपळी. एक मित्र पहिल्याच घोटाला म्हणाला, "हे तर खोकल्याचं औषध आहे." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला ती चव ओळखीची वाटत होती. निरवांगीच्या आमच्या घरात, फडताळाच्या वरच्या कप्प्यात, आजीची दशमूलारिष्टाची बाटली असते. लहानपणी मी तिचं बूच चोरून चाटायचो. तीच चव.

घरी येऊन वाचायला बसलो. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरचा कडवटपणा त्यांचा, आणि ती नासवणारे बरेच जिवाणू त्यांच्यामुळे वाढत नाहीत. पण मध्ययुगात नेदरलँड्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनीत बिअरमध्ये 'ग्रुट' घालत. हे वनस्पतींचं मिश्रण. त्यात स्वीट गेल नावाचं, दलदलीत वाढणारं वासाचं झुडूप महत्त्वाचं. ग्रुट विकायचा हक्क सरदाराकडे, बिशपकडे किंवा शहराकडे असे. बिअर करायची तर पुडी त्यांच्याकडूनच घ्यायची. म्हणजे मसाल्यातूनच कर वसूल. पुढे हॉप्सची बिअर जास्त टिकते म्हणून लांबच्या बाजारात जाऊ लागली आणि ग्रुट मागे पडलं. १५१६ साली बव्हेरियात तर कायदाच झाला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं.

मग आपल्याकडे काय होतं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाचा अधिकारी आहे. त्याच्या प्रकरणात मैरेय या मद्याची कृती दिली आहे: मेढशिंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरी, नाहीतर त्रिफळा. पुण्यातल्या त्या ग्लासातली पिंपळी इथे आधीच हजर होती. मद्यावर राज्याचा ताबा होता, पण त्याच प्रकरणात एक सूट आहे. कुटुंबवाल्यांना सणाकार्याला पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायची परवानगी होती.

अरिष्ट! आजीच्या बाटलीवरचाच शब्द. दशमूलारिष्टात दहा मुळांचा काढा, गूळ, मध, मनुका आणि धायटीची फुलं घालून तो आंबवतात. वरून दारू घालत नाहीत, ती आतच तयार होते. तिचं प्रमाण बिअरइतकं, कधी त्याहून जास्तही असतं.

इंग्रजांनी दारूवरचा ताबा घट्ट केला. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. झाडाखाली पडलेलं फूल वेचून ठेवणंही सरकारच्या नजरेत आलं. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिलं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द केली. दोन हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन कायद्यांत फट एकाच जागी आहे: औषध.

हे सगळं मला फार गमतीचं वाटलं. पुढच्या शनिवारी गावी गेलो आणि आजीला म्हणालो, "आज्जे, तुझ्या औषधात बिअरएवढी दारू असते, ठाऊक आहे का?"

बोलून गेलो आणि जीभ चावली.

आमच्या तालुक्यात नीरेचा डावा कालवा आला, ऊस आला, १९३०च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना आला. उसाबरोबर मळी आणि गूळही आला, आणि काळ्या गुळावर चालणाऱ्या हातभट्ट्याही. माझे थोरले चुलते हातभट्टीनंच गेले. मी तेव्हा चौथीत होतो. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि आमच्या घरात दारू हा शब्दही कुणी उच्चारत नाही.

आजी रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वास येतोय की मला. तीस वर्सं घेतीया." बाटली खाली घेतली, दोन चमचे मोजून वाटीत ओतले, तेवढंच पाणी घातलं. "म्हणून तर चमचा सोडत न्हाई."

अर्थशास्त्रापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांनी औषध आणि दारू यांच्यामध्ये रेघ मारली. ती वाचून मला वाटलं होतं, की ही रेघ नुसती कागदावरची आहे, आतला पदार्थ तर एकच. पण आजीला ते आधीपासून माहीत होतं. तिनं तीस वर्षं ती रेघ रोज स्वतःच्या हातानं मारली होती, आणि आपला मुलगा त्या रेघेच्या पलीकडे जाताना बघितलाही होता.

त्या एलबद्दल मी तिला सांगितलं नाही. तिनं वाटी पुढे केली, मी ती विसळून आणली, आणि बाटली परत वरच्या कप्प्यात ठेवली.