अपूर्णांकलेखन, संगणकीय दस्तऐवजांतील

संगणकावर तयार होणाऱ्या कार्यालयीन कागदपत्रांत एकाहून लहान हिस्सा अंश आणि छेद दाखवून लिहिण्याची रीत. १/२, १/४ आणि ३/४ यांना जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तयार चिन्ह असते. ७/२४, ५/१२, ३/१६ यांना ते नसते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या गटाचा विचार केला असून उदाहरणे नागपूर व परिसरातील दस्तलेखन, जमिनीचे कागद आणि न्यायालयीन कामकाज यांतून घेतली आहेत.

पूर्वपीठिका : नागपूरकर भोसल्यांच्या काळातील मोडी कागदांत आणि पुढे मालगुजारीच्या, म्हणजे गावमालकीच्या जमीनपद्धतीच्या, हिशेबांत अपूर्णांक छेद देऊन लिहीत नसत. रुपयाचे १६ आणे, या मापावर सगळी मांडणी उभी होती. उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पावाच्या आतले एक, दोन, तीन आणे तिरप्या किंवा आडव्या रेघांनी दाखवीत. उभ्या रेघांची तीन आणि तिरप्या रेघांची तीन अशा सहा चिन्हांच्या जोडणीतून एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंतचे सर्व हिस्से लिहिता येतात. इतक्या थोड्या चिन्हांत एवढे काम करणारी दुसरी सोय आजच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

ही पद्धत पैशापुरती नव्हती. मध्य प्रांतातील मालगुजारी गावांत भागीदाराचा हक्क आण्यांतच सांगत. आठ आणे हिस्सा म्हणजे निम्मे गाव. मालकी हक्क संपुष्टात आणणारा १९५० चा कायदा आला आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेली. तोंडी हिशेबाची तयारी शाळेत होई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुले म्हणत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, त्यापूर्वी पाचच महिने नागपूर मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते. दशमान पद्धतीने हिशेब सोपा केला, मात्र रेघांची लिपी कारकुनाच्या हातातून सुटली. बोलण्यातले चाराणे-आठाणे त्यानंतरही दीर्घकाळ टिकले. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले.

टंकलेखन यंत्र : इंग्रजी यंत्रांवर अर्धा व पाव यांच्या कळा असत. इतर अपूर्णांकांसाठी रूळ अर्धी ओळ फिरवून अंश वर व छेद खाली मारीत, किंवा सरळ तिरपी रेघ देत.

कळफलक आणि फॉन्ट : मराठीत अपूर्णांक टंकताना पहिली अडचण तिरप्या रेघेचीच येते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्या कळीला य हे अक्षर दिले आहे. त्यामुळे रेघ हवी असेल तर उजवीकडील अंकपट्टीवरची भागाकाराची कळ वापरावी लागते, आणि ती पट्टी नसलेल्या लॅपटॉपवर तेवढ्यापुरते इंग्रजी कळफलकावर जावे लागते. कृतिदेव फॉन्टमध्ये त्याच कळीवर अर्धा ध आहे व रेघ मिळते ती ॲटच्या चिन्हावर. हिंदी आणि मराठी अशी दोन्ही कामे करणाऱ्या टंकलेखकांच्या बोटांत ही सवय मुरलेली असते. फॉन्ट बदलून मजकूर युनिकोडमध्ये नेताना परिवर्तक वापरला नाही, तर १ आणि ३ यांच्यामध्ये रेघेऐवजी ॲटचे चिन्ह उरते.

याहून मोठा घोटाळा कंसांचा. पाश्चात्त्य संकेतावलीतल्या १/४ च्या जागी कृतिदेवने डावा कंस, १/२ च्या जागी उजवा कंस आणि ३/४ च्या जागी बरोबरीचे चिन्ह बसवले आहे. जुनी फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की कलमांच्या क्रमांकाभोवती पाव आणि अर्धा दिसू लागतात. ज्या दस्तात खरोखरच हिस्से लिहिलेले आहेत, तिथे हे नुसते विद्रूप दिसत नाही, त्याने अर्थ फिरू शकतो. म्हणून जुना मसुदा पुन्हा वापरणाऱ्या अर्जनवीसाने प्रत्येक आकडा मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे.

युनिकोडमधील चिन्हे : एकाच संकेतांकात बसवलेले पाश्चात्त्य धाटणीचे अपूर्णांक (जोडचिन्हे) शून्य छेद तीन वगळता १८ आहेत. त्यांत २, ३, ४, ५, ६ आणि ८ या छेदांचे सर्व अतिसंक्षिप्त हिस्से येतात, शिवाय १/७, १/९ व १/१०. सोळांश, बारांश, चोविसांश त्यांत नाहीत. १/७, १/९ आणि १/१० यांची भर २००९ च्या ५.२ या आवृत्तीत पडली. त्याच आवृत्तीत उत्तर भारतीय अपूर्णांकचिन्हांचा स्वतंत्र गट दाखल झाला. पाव, अर्धा, पाऊण, एक आणा, दोन आणे, तीन आणे अशी सहा अपूर्णांकचिन्हे व त्यांना पूरक चार खुणा या गटात आहेत. ही सोय करवून घेण्यामागे लिपी-अभ्यासक अंशुमन पांडे यांचे प्रस्ताव होते; २०१४ च्या ७.० आवृत्तीत मोडी लिपी युनिकोडमध्ये आली, तेही त्यांच्याच कामाचे फळ. नोटो सान्स देवनागरी या मोफत फॉन्टमध्ये ही चिन्हे आहेत. संगणकावर नेहमीच्या मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकात मात्र त्यांना जागा नाही, त्यामुळे मोडीचे लिप्यंतर करणारे पुष्कळदा त्यांच्याऐवजी दंड आणि दुहेरी दंड टंकतात. दिसायला ते चालते. संगणकाच्या लेखी मात्र तो पूर्णविराम असतो, त्याला किंमत नसते, आणि शोध घेताना साडेपाचाची नोंद सापडत नाही. विदर्भातील मोडी दफ्तरांचे लिप्यंतर चालू असताना ही सवय आत्ताच बदलणे फार गरजेचे आहे.

लेखनपत्रांत (वर्ड) : १/२ टंकून मोकळी जागा दिली की वर्ड आपणहून जोडचिन्ह करते, तेही आंतरराष्ट्रीय अंकांपुरते. देवनागरी १/२ तसाच राहतो. १८ जोडचिन्हांपैकी बाकीची मिळवण्यासाठी संकेतांक टंकून ऑल्ट व एक्स या कळा दाबतात. एक-तृतीयांशाचा संकेतांक २१५३, दोन-तृतीयांशाचा २१५४. हे आकडे इंग्रजी कळफलकावरूनच द्यावे लागतात.

चिन्ह नसलेल्या अपूर्णांकासाठी तीन मार्ग आहेत आणि तिन्हींत काही ना काही उणे आहे. ऑल्ट व बरोबरीचे चिन्ह दाबून समीकरणाची चौकट उघडावी, ७/२४ टंकून मोकळी जागा द्यावी, की अंशाखाली छेद उभा राहतो. पण त्याने ओळीची उंची वाढते व परिच्छेद विस्कटतो. दुसरा मार्ग वर्डमधल्या जुन्या ईक्यू (समीकरण) फील्डचा. तो कागदावर नेटका उतरतो, पण फाइल दुसऱ्या प्रणालीत गेली की भरवसा नसतो. तिसऱ्यात अंश वर चढवतात, छेद खाली उतरवतात आणि मध्ये साध्या रेघेऐवजी २०४४ या संकेतांकाची अपूर्णांकरेघ देतात. देवनागरी अंकांना हाच मार्ग त्यातल्या त्यात बरा. फॉन्टच्या अंगच्या अपूर्णांक-सुविधेचा उपयोग लिबरऑफिसमध्ये करून घेता येतो. वर्डच्या फॉन्ट-चौकटीत त्यासाठी पर्याय दिलेला नाही.

मिश्र अपूर्णांकात धोका अधिक. २ आणि ७/२४ यांच्यातली मोकळी जागा गळाली तर २७/२४ होते. कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस दाबून न तुटणारी जागा द्यावी, म्हणजे निदान ओळ तिथे मोडत नाही. चढवलेला-उतरवलेला अपूर्णांक साध्या मजकुराच्या चौकटीत चिकटवला की त्याची रचना निघून जाते. जोडचिन्हही प्रत्येक वेळी वाचत नाही. काही प्रणाली ते सोडवून लिहितात आणि अडीचाचे एकवीस छेद दोन होतात.

वारसाहक्कातील अपूर्णांक : अनवट अपूर्णांकांची सर्वांत मोठी खाण वाटणीच्या दाव्यांत आहे. गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडप्पा मगदूम हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. निकालपत्र सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचे. खंडप्पा १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे मृत्यूपूर्वी वाटणी झाली असे मानायचे. तीत खंडप्पा, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४. मग खंडप्पांच्या १/४ चे सहा वारसांत भाग होऊन प्रत्येकाला १/२४. पत्नीला हे दोन्ही मिळायचे की नुसता १/२४, यावर वाद होता. न्यायालयाने दोन्ही धरून ७/२४ हिस्सा मान्य केला. मुलींना सहदायाचा हक्क देणारी केंद्रीय दुरुस्ती २००५ मध्ये झाल्यावर मांडणी बदलली, तरी महाराष्ट्रात वाटणीचे जुने दावे वाचणाऱ्याला हा अपूर्णांक ओळखीचा असतो.

७/२४ दशांशात लिहू गेल्यास ०.२९१६६६… असा न संपणारा आकडा येतो. एक हेक्टर जमिनीत हा हिस्सा सुमारे २,९१६.६७ चौरस मीटर भरतो. हेक्टरचे दोनच दशांश ठेवून ०.२९ लिहिले, तर जवळजवळ १६.६७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १७९ चौरस फूट, कागदावरून नाहीसे होतात. नागपूरसारख्या शहराच्या हद्दीलगत एवढी जागा क्षुल्लक नाही. अपार्टमेंटच्या विक्रीपत्रात अविभक्त हिस्सा टक्क्यांत देतात, तिथेही हेच घडते. बारा सारख्या गाळ्यांचा प्रत्येकी ८.३३३ टक्के हिस्सा धरला, तर बेरीज ९९.९९६ येते, उरलेल्याचा धनी कोणी नसतो. १/१२ लिहिले की बेरीज पूर्ण होते. टक्केवारी सोईची वाटते हे खरे, पण हक्क अपूर्णांकात ठरलेला असेल तर दस्तात तो अपूर्णांकातच आला पाहिजे, आणि अक्षरीही : सात-चोविसांश (७/२४). मुस्लिम वारसाहक्कात पत्नीचा १/८ आणि आईचा १/६ एकत्र आले की छेद पुन्हा २४ होतो.

दस्तात देवनागरी अंक वापरावेत की आंतरराष्ट्रीय, याबाबत एकवाक्यता नाही.

गणनपत्रांत (एक्सेल) : एक्सेलमध्ये ५/१२ टंकले की भारतीय मांडणीत ५ डिसेंबर होतो. सातबारा अपूर्णांक नाही, गाव नमुना ७ आणि १२ यांचे ते जोडनाव. पण ७/१२ लिहिले तर त्याचीही ७ डिसेंबर ही तारीख होते. अपूर्णांक हवा असेल तर आधी शून्य, मग मोकळी जागा आणि मग ५/१२ टंकावे. नुसता मजकूर हवा असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. हिश्शांची बेरीज करताना रकान्याचा प्रकार एक अंकी छेदाचा निवडलेला असेल, तर १/४ आणि १/२४ यांची बेरीज २/७ अशी दिसते. आत साठवलेली किंमत बरोबर असते. छापील प्रत मात्र चुकीची निघते आणि सही होते ती छापील प्रतीवर. प्रकारात छेद २४ असा पक्का करून ठेवणे हाच उपाय.

मापांत : नागपूरच्या इतवारीतील हार्डवेअरच्या व्यवहारात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सूत ३/८ इंच, अडीच सूत ५/१६ इंच. बिलावर ३/८ ला जोडचिन्ह मिळते, ५/१६ ला मिळत नाही.

सादरीकरणे : पॉवरपॉइंटमध्येही समीकरणाची चौकट मिळते.

मोबाइल : काही प्रचलित कळफलकांवर १ चा अंक दाबून धरल्यास निवडक जोडचिन्हे येतात.