सतरंजी व इतर बिछायत : घरगुती निगा

सुती सतरंजी, तागाची पट्टी, काथ्याचे पायपुसणे आणि मेंढीच्या लोकरीची घोंगडी ही वऱ्हाडातील घरांत आढळणारी नैसर्गिक तंतूंची बिछायत. कापसाच्या या मुलखात अकोट व बाळापूर येथील सतरंज्या एकेकाळी नावाजलेल्या होत्या. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे.

सतरंजीत रंगीत आडवा बाणा इतका दाबून ठोकलेला असतो की उभा ताणा दिसतच नाही. लव नसते आणि दोन्ही बाजू सारख्याच असतात. म्हणून ती अधूनमधून उलटावी आणि दिशाही बदलावी. त्यामुळे झीज व रंगाचा विटकेपणा दोन्ही बाजूंत सारखा विभागला जातो. मात्र दाट विणीच्या खाचांत धूळ बसते. नुसत्या केरसुणीने ती निघत नाही. सतरंजी दोरीवर टाकून खालच्या बाजूने काठीने बडवावी लागते. व्हॅक्यूम क्लीनर वापरल्यास दशांपासून दूर ठेवावा.

काळ्या मातीचा चिखल लागला तर हात आवरणे हाच उपाय. ही माती ओली असताना चिकट असते आणि पुसायला गेल्यास विणीत खोल शिरते. पूर्ण वाळू द्यावी. तडकून खपल्या सुटल्या की ब्रशने झाडावी. तेलाचा डाग पडताच त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर पसरून काही तास ठेवावी. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. साबण धुतला गेला की तो पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात हळूहळू उडतो.

धुण्यातली खरी अडचण पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरी व बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी खारे असते. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. त्याचा चिकट साका विणीत बसतो आणि सतरंजी मळकट, ताठ होते. मागे राहिलेले क्षार पावसाळ्यात हवेतील ओल धरतात व बुरशीला वाट करून देतात. साबणाचा हात बोअरच्या पाण्याचा असला, तरी शेवटच्या दोन वेळा ती धरणातून नळाला आलेल्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात खंगाळावी. धुण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून रंग सुटतो का ते पाहावे. पाणी थंडच घ्यावे.

वाळवताना ओली सतरंजी एका दोरीवर टांगू नये. स्वतःच्या वजनाने ती ताणली जाऊन वाकडी होते. बाजेवर किंवा स्वच्छ गच्चीवर पसरावी. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा सावलीतही ती चटकन वाळते. भर उन्हात रंग विटतो.

सर्व तंतूंना हा रिवाज लागू नाही. ओला कापूस कोरड्यापेक्षा बळकट असतो, म्हणून सतरंजी आपटणे सोसते. तागाचे उलट आहे : तो भिजला की कमजोर होतो, शिवाय त्यातील लिग्निनमुळे पिवळट-तपकिरी डाग उमटतात. सर्वसाधारण आर्द्रतेच्या हवेत ताग स्वतःच्या वजनाच्या सुमारे 14 टक्के ओल धरतो, कापूस सुमारे 8 टक्के. तागाची पट्टी धुऊ नये, सांडलेले लगेच टिपून घ्यावे. काथ्याचे पायपुसणे झटकले तरी पुरते. घोंगडी गरम पाण्यात चोळली की आटून जाड होते. ती गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात हलक्या हाताने दाबून धुवावी.

मृगाआधी बिछायतीला थोडा वेळ ऊन दाखवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. पूर्ण कोरडी झाल्यावर ती घडी न करता गुंडाळावी. घडीच्या रेषेवर धागे तुटतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला आत घालून जुन्या धोतरात गुंडाळून भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये बांधू नये. कसर लोकरीला लागते, तर कापूस व ताग यांना वाळवी. पावसाची उघडीप मिळाली की गुंडाळी सोडून हवेशीर ठेवावी.

दशांची गाठ सुटली की बाणा उसवत जातो. गाठ त्याच दिवशी पुन्हा मारावी किंवा सुती दोऱ्याने काठ शिवून घ्यावा.