‘कलेक्टर’ शब्दाची कुळकथा
आगगाडीत तिकिटे गोळा करणारा कलेक्टर, जुनी नाणी जमविणारा कलेक्टर, आणि जिल्ह्याचा मुख्य तोही कलेक्टरच! हा इंग्रजी शब्द मुळात ‘गोळा करणारा’ एवढेच सांगतो. १७६५ साली बंगालची दिवाणी मिळालेल्या कंपनीने १७७२ मध्ये जिल्ह्यांतील आपल्या अंमलदारांना हे नाव दिले; राज्य म्हणजे वसूल, ही तिची समजूत त्यात उघड झाली. बंगालमध्ये १७९३ साली त्याचे न्यायाधिकार गेले, १८३१ मध्ये दंडाधिकार जोडले गेले. नाव मात्र तेच राहिले. पेशवाईतील ‘कमाविसदार’ अर्थाने याच्याच जवळचा. पण १८१८ साली एल्फिन्स्टनने पुण्यास रॉबर्टसन व नगरास पॉटिंजर यांना कलेक्टर नेमले, आणि तो शब्द दप्तरांत राहिला.

कर्नाटकात वा पंजाबात बदलून गेलेल्या आपल्या बांधवांस हाच अधिकारी ‘डेप्युटी कमिशनर’ म्हणून भेटतो, उत्तर प्रदेशात ‘डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट’ म्हणून. एकाने न्यायदंड दाखविला, दुसऱ्याने वरिष्ठाची छाया. वसूल दोन्हींतून नाहीसा झाला. मराठीने ‘जिल्हाधिकारी’ केले. शब्द भारदस्त खरा, परंतु आम्हांस तो प्रतिशब्द न वाटता नवीच नेमणूक वाटते. खेड्यापाड्यांतून अर्ज घेऊन येणारा माणूस अजूनही ‘कलेक्टरसाहेब’ असेच म्हणतो.