पदपथाची कड आणि अ‍ॅलॉयचे चाक

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील रस्त्यांना उंच पदपथ होते आणि त्या पदपथांच्या कडेच्या दगडांवर गाड्यांच्या चाकांनी घासून पाडलेल्या खुणा आजही दिसतात. एरिक पोएलर या पुरातत्त्वज्ञाने या खुणांची जागा आणि दिशा तपासून, कोणत्या रस्त्यावर वाहतूक एकाच दिशेने चाले आणि गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने हाकल्या जात, याची सविस्तर मांडणी केली आहे. लोखंडी धाव चढवलेल्या लाकडी चाकाने त्या काळी दगड झिजवला. आजची मोटार तशाच कडेला घासली, तर दगडावर फार तर करडी रेघ उमटते आणि झीज होते ती चाकाची.

धाव म्हणजे चाकाच्या परिघावर तापवून बसवलेली लोखंडी पट्टी. ती थंड होताना आकसते आणि चाकाचे सर्व लाकडी भाग घट्ट आवळून धरते. रस्त्याचा आणि दगडाचा सारा मार तिनेच सोसायचा व झिजली की लोहाराने ती बदलायची, हे त्या रचनेत गृहीतच होते. लंडनमध्ये 1762 च्या वेस्टमिन्स्टर फरसबंदी कायद्यानंतर दगडी कडेचे उंच पदपथ पद्धतशीरपणे बांधले जाऊ लागले, तेव्हाही वाहनांची चाके अशीच लोखंडी धावेची होती. पुढे मोटारींना तारांच्या आऱ्यांची आणि नंतर पत्रा दाबून घडवलेली पोलादी चाके आली. वाकलेली तार सुटी बदलता येई, पोलादी रिमची दबलेली कड ठोकून सरळ करता येई, आणि उरलेला ओरखडा रंगाखाली किंवा चाकावरच्या चकचकीत टोपीखाली झाकला जाई.

हा क्रम बदलण्याची सुरुवात शर्यतीच्या मैदानात झाली. 1924 च्या ऑगस्टमध्ये ल्योंच्या ग्राँ प्रीमध्ये एत्तोरे बुगाटी याने आपली टाइप 35 ही गाडी उतरवली, तिला आठ चपट्या आऱ्यांची ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाके होती आणि ब्रेकचा ड्रम चाकाच्याच ओतकामाचा भाग होता. स्प्रिंगच्या खालचे, म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर वरखाली होणारे वजन कमी झाले की चाक रस्त्याला अधिक चिकटून राहते आणि अ‍ॅल्युमिनियम ब्रेकची उष्णताही लवकर बाहेर टाकते, हा त्यामागचा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड याने शर्यतीच्या गाड्यांसाठी त्याहूनही हलक्या मॅग्नेशियमची चाके ओतली. मॅग्नेशियम वजनाने अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश असले, तरी ओलाव्याने लवकर गंजते, म्हणून रोजच्या वापराच्या गाड्यांत ते टिकले नाही. नाव मात्र टिकले आणि भारतातही अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांना कित्येक वर्षे ‘मॅग व्हील’च म्हटले गेले. 1966 मध्ये पोर्शेने 911 एस या गाडीला ओटो फुक्स या जर्मन कारखान्याची घडीव, म्हणजे साच्यात न ओतता दाबाखाली घडवलेली, पाच पाकळ्यांची चाके दिली; शर्यतीची वस्तू अशा गाड्यांमधून हळूहळू घरगुती रस्त्यावर आली.

यानंतरचा निर्णायक बदल चाकात नव्हे, टायरमध्ये झाला. 155/80 या मापाच्या टायरची बाजूची उंची 124 मिलिमीटर भरते, तर 225/40 या रुंद टायरची केवळ 90. जुन्या टायरची फुगीर बाजू कडेला आधी टेकून रिमला वाचवत असे; नव्या टायरची उंची जसजशी घटत गेली, तसतशी रिमची धार टायरच्या बरोबरीने आणि काही गाड्यांत त्याच्याही बाहेर आली. पदपथाला घासलेल्या चाकाचा दोष सामान्यतः चालकाच्या माथी मारला जातो, पण त्याचा मोठा वाटा चाकाची ही शोभिवंत रचना ठरवणाऱ्यांकडे जातो.

या ओरखड्यांतूनच दुरुस्तीचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. त्यातील साध्या पद्धतीत चाकावरचा जुना रंग रसायनाने किंवा वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने काढतात, कड घासून एकसारखी करतात, खोल खाच असल्यास लांबी भरतात आणि नवा रंग चढवतात. रंग पावडरचा असेल, तर विद्युतभारित पावडर धातूला चिकटवून चाक सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-वीस मिनिटे भाजले जाते; नेहमीची लांबी हा ताप सोसत नाही, त्यामुळे भरावही वेगळा लागतो. दुसरी पद्धत ‘डायमंड कट’ची. तीत संगणकनियंत्रित लेथ चाकाच्या दर्शनी भागाचा आकार आधी मोजून घेतो, मग हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने धातूचा अतिशय पातळ थर कातून काढतो आणि त्या लखलखीत पृष्ठावर पारदर्शक लेप दिला जातो. प्रत्येक कातणीत धातू कमी होतो, म्हणून एकाच चाकावर ही दुरुस्ती मोजक्याच वेळा करता येते. शिवाय लेपाला बारीकशी चीर पडली तरी त्याखाली पाणी शिरते आणि गांडुळाच्या वाटेसारखी पांढरी गंजरेषा पसरत जाते, त्यामुळे या दोन पद्धतींपैकी दिसायला उजवी असलेली पद्धत टिकायला डावी ठरते.

व्यवसायाची खरी मर्यादा मात्र धातूच्या घडणीत आहे. ओतीव चाकांत बहुधा सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असलेले अ‍ॅल्युमिनियम वापरतात. ते सुमारे 540 अंशांवर तापवून पाण्यात विझवतात आणि नंतर पुन्हा काही तास मंद उष्णतेत ठेवतात, तेव्हा त्याला ताकद येते. वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकली किंवा चिरेवर वेल्डिंग केले, की त्या जागेची ही घडण बिघडते आणि वरून रंग दिल्यावर ते डोळ्यांना कळतही नाही. भट्टीत ठरावीक वेळ दिलेला पावडरचा रंग आणि ज्योतीची बेहिशेबी उष्णता यांत म्हणूनच फरक करावा लागतो. जर्मनीतील तपासणी संस्था वरवरच्या ओरखड्याची डागडुजी चालवून घेतात, पण वेल्डिंग आणि तापवून सरळ करणे नाकारतात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध उशिरा आला. मारुती 800 च्या पिढीतील बहुतेक गाड्या पोलादी चाकांवरच धावल्या आणि अ‍ॅलॉय ही हौसेने बाजारातून बसवून घेण्याची वस्तू राहिली. पुढे एन्काई या जपानी कंपनीने पुणे जिल्ह्यात शिक्रापूर येथे अशी चाके ओतण्याचा कारखाना उभारला, तर औरंगाबादच्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजने दुचाकींसाठी. इथल्या रस्त्यांवर चाकाला पदपथापेक्षा खड्ड्यांचा त्रास अधिक, त्यामुळे गॅरेजमधल्या कामात ओरखडा झाकण्यापेक्षा ‘रिमचा बेंड काढणे’ याला मान अधिक मिळाला. जोखमीचे काम नेमके हेच, आणि त्याला स्वस्त दुरुस्ती समजले जाते हे दुर्दैव.

चीर गेलेल्या चाकाची योग्य जागा भंगारात आहे. मिश्रधातूचे प्रमाण आधीच ठाऊक असल्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या भंगारात अशा चाकांना चांगली मागणी असते आणि ती वितळवायला खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते.