दुखरा सांधा आणि घरचे काम

सांध्यांचे दुखणे जितके जुने, तितकाच त्याविषयीचा एक वादही जुना आहे. सुजलेल्या सांध्याला स्वस्थ ठेवावे, की त्याला कामास लावावे? वरवर पाहता हा वैद्यांचा प्रश्न दिसतो. पण मराठी घरात तो केवळ वैद्यांचा कधीच राहिला नाही. ज्या बाईच्या हाताने कणीक मळली जाते, भाजी निवडली जाते, नातवंडाच्या सदऱ्याची बटणे लागतात, तिला घरच्यांनी मोठ्या मायेने 'आता पुरे, तुम्ही स्वस्थ बसा' म्हणून सांगितले म्हणजे तिचे दुखणे तर थांबत नाहीच, घरातले तिचे स्थान मात्र हलू लागते. चहा हवा का, हे तिला विचारले जाते. आज भाजी कोणती करावयाची, हे विचारले जात नाही. म्हणूनच या वादाचा इतिहास रुग्णालयांतून जितका शोधावा लागतो, तितकाच तो स्वयंपाकघरातूनही शोधावा लागतो.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. आपण बोलताना सांध्याच्या प्रत्येक दुखण्यास संधिवात म्हणतो. परंतु वयोमानाने गुडघे झिजणे वेगळे, आणि ऐन तिशी-चाळिशीत दोन्ही हातांची बोटे, मनगटे, पावले एकदम धरणारा, सकाळी तास-तासभर मूठ वळू न देणारा रोग वेगळा. डॉक्टर ज्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो हा दुसरा. शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणाच येथे सांध्यांच्या अस्तरावर उलटते. आयुर्वेदातील आमवात याच्याशी पुष्कळसा जुळतो. चरकसंहितेत आमवाताचे स्वतंत्र प्रकरण नाही. सातव्या-आठव्या शतकातील माधवकराने आपल्या निदानग्रंथात ते प्रथम मांडले. त्याने या रोगाची जी कारणे सांगितली, त्यांत एक मौजेची जोडी आहे. जो हालचालच करीत नाही, त्यास हा रोग होतो. आणि जो स्निग्ध भोजन करून लागलीच व्यायामास उठतो, त्यासही तो होतो. रोगाच्या कारणांचे हे विवेचन आज जसेच्या तसे कोणी स्वीकारणार नाही. पण बाराशे वर्षांपूर्वीच्या या वैद्याने आळस आणि अवेळचे श्रम यांना एकाच पंक्तीस बसविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या काळात हे तारतम्य फार दिवस हरवले होते.

युरोपात या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन १८०० साली पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधात केले. त्याचे नऊ रुग्ण होते, आणि त्या साऱ्या स्त्रिया होत्या. सांधे सुजणे म्हणजे श्रीमंत, खाऊनपिऊन सुखी पुरुषांचा गाउट, अशी तेव्हाची समजूत. येथे तर गरीब, कष्टकरी बायका होत्या. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी रोगाला आज रूढ असलेले नाव दिले. नाव मिळाले, पण उपाय मिळाला नाही. आणि उपाय नसला की वैद्यकशास्त्र बहुधा विश्रांती सांगते. १८६३ साली जॉन हिल्टन या शल्यवैद्याची विश्रांती आणि वेदना यांवरील व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली. दुखावलेल्या अंगास निसर्ग विसावा मागतो, तो द्यावा, हे त्याचे सूत्र. मोडलेल्या हाडाला ते उत्तम लागू पडले; पण तेच सूत्र वर्षानुवर्षे चालणाऱ्या रोगालाही लावले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रुग्णांना आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवीत, त्यांचे सांधे प्लास्टरमध्ये बांधीत. सूज उतरे, हे खरे. मात्र अंथरुणातून उठणाऱ्या माणसाच्या मांड्या वाळलेल्या असत आणि सांधे आखडलेले असत. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टराने अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक खोचक लेख लिहिला, तेव्हा कोठे या पद्धतीविषयी उघड शंका घेतली जाऊ लागली.

पुढच्याच वर्षी चमत्कार वाटावा असे काही घडले. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका एकोणतीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीस कॉर्टिसोनची सुई दिली, आणि जिला कूस बदलणेही अवघड होते ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु फार काळ मोठ्या मात्रेत घेतल्यास तेच औषध हाडे ठिसूळ करते, चेहरा सुजवते, हे लौकरच कळून आले. चमत्कार ओसरला, दैनंदिन जीवनाचा प्रश्न होता तेथेच राहिला.

आपल्याकडे काय होते? महाराष्ट्रास व्यायामाची परंपरा थोर आहे. तालमी होत्या, मल्लखांब होता. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार एखाद्या व्रतासारखा केला. पण ही सारी परंपरा निरोगी शरीरासाठी होती. सूर्यनमस्कारात शरीराचा भार मनगटांवर येतो, आणि या रोगात नेमके मनगटच सुजलेले असते. पुढे पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, घोंगड्या यांच्या आधाराने आसने करविण्याची रीत वाढविली. १९७५ साली त्यांची संस्था उभी राहिली. आसनाला शरीर जुळवून घेण्याऐवजी शरीराला आसन जुळवून द्यावयाचे, ही त्या रीतीची दिशा. मात्र हीच दृष्टी त्यापूर्वी पाव शतक एका वेगळ्याच वाटेने मुंबईत आली होती, आणि ती आसनाकडे न वळता नित्याच्या कामाकडे वळली होती.

तिचे श्रेय कमलाबाई निंबकर यांचे. मूळच्या एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० चा, अमेरिकेतील क्वेकर पंथाच्या कुटुंबातला. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० च्या सुमारास येथे आल्या, कमला झाल्या, आणि येथल्याच झाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन एका नव्या शास्त्राचे शिक्षण घेतले. त्याचे इंग्रजी नाव ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत त्यास व्यवसायोपचार म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे. व्यवसाय म्हणजे येथे धंदा नव्हे, तर माणसाचा दिवस ज्यांनी भरतो ती सारी कामे. अंघोळ, वेणीफणी, स्वयंपाक, लिहिणे, विणणे, सारे त्यात आले. या शास्त्राची संघटना अमेरिकेत १९१७ साली झाली, आणि पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांमुळे त्यास बळ मिळाले. १९५० साली कमलाबाईंनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे विद्यालय सुरू केले. भारतातले ते पहिले. १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव आले. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही असे विद्यालय निघाले. मुंबईत हाजीअलीपाशी १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली, तीही याच लाटेत. ज्या देशात त्या वेळी पेनिसिलिनचीच वाण होती, तेथे रुग्णाला पुन्हा वेणी घालता यावी म्हणून विद्यालय काढणे कित्येकांना चैनीचे वाटले असल्यास नवल नाही. कमलाबाईंचे नाव आज फलटणची एक मराठी शाळा चालविते. सामान्य मराठी वाचकाला मात्र ते जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही.

हे विद्यालय काही केवळ आमवाताच्या रुग्णांसाठी नव्हते. पोलिओने अधू झालेली मुले, अपघातात हात गमावलेले कामगार, असे नाना प्रकारचे लोक या शास्त्राच्या कक्षेत येत. परंतु त्याने जो प्रश्न विचारावयास शिकविले तो आमवाताच्या रुग्णाला अगदी अंगचा बेतून दिल्यासारखा होता. 'ही बाई कोणते काम करू शकत नाही?' असे न विचारता 'हे काम कसे बदलले म्हणजे ती ते करू शकेल?' असे विचारावयाचे. १९६५ साली अमेरिकेत जॉय कॉर्डरी या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी सांध्यांच्या रक्षणाचे नियम एका लेखात बांधून दिले. वेदनेची आज्ञा पाळावी. लहान सांध्याचे ओझे मोठ्या सांध्यावर टाकावे. एकाच स्थितीत फार वेळ राहू नये. काम आणि विसावा यांची आलटूनपालटून योजना करावी. ऐकताना हे सारे किती साधे वाटते!

हे नियम मराठी घरात आणून पाहिले म्हणजे त्यांची खरी किंमत कळते. ओले लुगडे पिळताना बोटे करंगळीच्या बाजूस रेटली जातात, आणि या रोगात बोटे वाकडी होतात तीही बहुधा त्याच दिशेस. म्हणून कपडे पिळू नयेत, तळव्यांनी दाबून पाणी काढावे किंवा तसेच निथळत ठेवावेत. पातेले एका हाताने, बोटांच्या चिमटीत न धरता दोन्ही तळव्यांवर पेलावे. बादली अर्धीच भरावी. पिशवी बोटांना न अडकवता कोपराच्या वर किंवा खांद्याला लावावी. झाऱ्याच्या, डावाच्या दांड्यास जुने कापड गुंडाळून तो जाड केला की मूठ पुरती आवळावी लागत नाही. विळीवर बसावयाचे तर गुडघे मुडपावे लागतात; त्यापेक्षा उंच पाटावर किंवा टेबलाशी बसून सुरीने भाजी चिरावी. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जाते गिरणीने घालविले, पाटा-वरवंटा मिक्सरने मागे सारला आणि गॅसबरोबर स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर चढला, तेव्हा कोणी आमवाताचा विचार केला नव्हता. तरीही दुखऱ्या गुडघ्यांवर आणि मनगटांवर या शोधांचे उपकार फार मोठे आहेत. उलट तासन् तास ओट्याशी उभे राहणे ही नवी पीडा त्याच सुधारणेने आणली. तिचा उपाय एक उंच स्टूल, इतकाच आहे. पण स्वयंपाकघरात बसून पोळी लाटणे अजूनही कित्येक घरांत आळसाचे लक्षण मानले जाते.

विश्रांतीचा पक्ष अगदीच खोटा होता, असे मात्र समजू नये. रोग उसळतो तेव्हा सुजलेल्या सांध्याला विसावा हवाच. तेव्हाही तो सांधा दिवसातून एकदोनदा हलक्या हाताने, सोसेल तितका फिरविला पाहिजे, एवढाच फरक. एरवी व्यायामाने रोग बळावतो, ही भीती पुढील संशोधनाने पुष्कळशी दूर केली. हॉलंडमध्ये तीनशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली आले: दोन वर्षे बऱ्यापैकी जोरकस व्यायाम करूनही रोग वाढला नाही, शरीराची कार्यशक्ती वाढली, ज्यांचे मोठे सांधे आधीच बिघडले होते त्यांनी मात्र जपावे, असेही त्यात दिसले. २०१५ साली इंग्लंडमधील ४९० रुग्णांच्या अभ्यासात हातांच्या ठराविक घरगुती व्यायामाने हात अधिक कामाचे झाले. दरम्यान १९८० च्या दशकापासून मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध रूढ झाले आणि सांधे मोडण्याचा वेग आवरता येऊ लागला. औषधाने राखलेला सांधा कामाने टिकतो. औषध सोडून केवळ व्यायामावर विसंबणे हे जुन्या चुकीचेच उलटे रूप होय.

महाराष्ट्रात हा रोग किती आहे, याची पाहणीही घरोघर जाऊनच झाली. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. खरा आमवात सुमारे अर्धा टक्का लोकांत आढळला. दोनशे माणसांत एक, म्हणजे कोणत्याही मोठ्या वसाहतीत चारदोन घरे आलीच.

अशीच एक वसाहत भिलाईचे स्मृति नगर. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. १९५६ पर्यंत छत्तीसगडची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबांना हा मुलूख परका नव्हता, आणि कारखान्याच्या निमित्ताने त्यांचा ओघ वाढला. या गावात तरफेचे गणित जाणणारी माणसे घरोघर आहेत. दांडा दुप्पट लांब केला की जोर निम्मा लागतो, हे ज्याने तीस-पस्तीस वर्षे कारखान्यात हाताळले, त्याच्याच घरी गोल चकतीचा नळ सोडता येत नाही म्हणून गृहिणी शेजारणीची वाट पाहत बसते, असे चित्र असू शकते. लांब दांड्याचा नळ बसविण्यास प्लंबराला अर्धा तासही लागत नाही. दाराच्या कडीला दोरीचा फास, किल्लीच्या माथ्याला लाकडी मूठ, न्हाणीघरात भिंतीला एक भक्कम गज: निवृत्त फिटराच्या हाताला हे अवघड नाही. आणि कणीक मळण्याचे म्हणाल, तर पहाटेच्या त्या आखडलेल्या तासात ते काम त्याने करावे. दहा वाजता बोटे मोकळी झाली की पोळ्या तिला लाटू द्याव्यात.