गुण आला, पण कशाने?

औषधाने गुण आला, असे आपण सहज म्हणतो. गुण आला हे खरे. पण तो त्या औषधानेच आला काय, हे पाहण्याची रीत मात्र माणसाला फार उशिरा सापडली.

2020 च्या करोना साथीत आर्सेनिकम अल्बम 30 या होमिओपॅथीच्या गोळ्या महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घरोघर वाटल्या गेल्या. समजा, आपल्या नरडाण्यात शंभर घरांनी त्या घेतल्या आणि नव्वद घरे निरोगी राहिली. आकडा कानाला गोड लागतो. परंतु गोळ्या न घेतलेल्या शंभर घरांतही नव्वदच निरोगी राहिली असतील, तर?

बरे, तुलना केली म्हणजे भागते असेही नाही. 1854 साली लंडनमध्ये पटकीची साथ उसळली. तेथील होमिओपॅथिक रुग्णालयात 61 रोग्यांपैकी 10 दगावले. इतर रुग्णालयांत निम्म्याच्या वर. सरकारी वैद्यक समितीने हे आकडे अहवालातून गाळले. हा शुद्ध अन्याय होता, आणि पार्लमेंटने पुढे ते मागवून घेतले. पण त्यांचा अर्थ काय लावायचा? त्या काळचे डॉक्टर जुलाबांनी खंगलेल्या रोग्याला आणखी रेचक देत, वर त्याचे रक्तही काढीत! या उपचारांतून सुटका झाली, एवढ्यानेच कित्येक वाचले असतील. शिवाय दोन्हीकडचे रोगी सारखेच अत्यवस्थ होते काय?

यावरची तोड त्याच्याही आधी, 1835 साली, जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी निघाली होती. तीही कोणा विद्यापीठात नव्हे. एका खानावळीत शंभरावर नागरिकांची सभा भरली, तीत. शंभर बाटल्या घेतल्या. निम्म्यांत बर्फाचे निव्वळ पाणी, निम्म्यांत शंभरास एक या प्रमाणात तीस वेळा विरळ केलेले मीठ. इतक्या विरळपणात मिठाचा कणही उरत नाही, हे आज आपण जाणतो. बाटल्यांवर क्रमांक घालून त्या मिसळल्या होत्या आणि यादी मोहोरबंद केली. कोणत्या बाटलीत काय, हे ना वाटणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला.

तीन आठवड्यांनी पन्नास जणांचे जबाब आले. बेचाळिसांना काहीच जाणवले नव्हते. आठांना काहीतरी झाले होते. पन्नास हा आकडा लहान, आणि माणसेही निरोगी; तेवढ्यावरून रोग्यांविषयी निवाडा करणे घाईचे होईल. यादी उघडली, तेव्हा त्या आठांपैकी पाच मीठवाले निघाले. उरलेले तिघे नुसते बर्फाचे पाणी प्यायले होते.